आधी गवत सांगा

सियागंजच्या आतल्या गल्लीत, पाइप आणि पुल्यांच्या मधे
ताहेरभाईंचं दुकान, दोन माणसं उभी राहिली की भरतं.
मी गेले तेव्हा पिशवीत अठरा हजार होते
आणि डोक्यात सगळ्यात मोठं मशीन.

त्यांनी मशीन दाखवलंच नाही.
म्हणाले, "ताई, आधी गवत सांगा."

गवत काय सांगायचं?
तरी सांगितलं. शाळेचं मैदान, मागचा उतार,
नाल्याच्या अंगाला कमरेएवढं गाजरगवत,
कुंपणाच्या तारेत गुंतलेली घाणेरी.
दगड आहेत? आहेत.
चालवणार कोण? मीच.
तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली
आणि माझ्या खांद्यांकडे पाहिलं,
शिंपी पाहतो तसं, फक्त मापापुरतं.

त्याआधीचं मशीन मी प्रदर्शनातून आणलं होतं.
लाल रंग, सोनेरी अक्षरं, सोबत छत्री फुकट.
सहा आठवड्यांत पिस्टन जाम.
गॅरंटी कार्डावरचा नंबर फिरवला
तर तो अन्नपूर्णा रोडच्या एका ब्यूटी पार्लरमधे वाजतो.
तिथली मुलगी आता ओळखते मला,
"मशीनवाल्या मावशी का?" विचारते.
छत्री मात्र अजून उघडते.

मोठं मशीन ताहेरभाईंनी फळीवरून काढलंच नाही.
मधलं दिलं, साडेतीन हजारांनी कमी.
पट्टा माझ्या अंगावर चढवला, बकल दोन भोकं वर घेतलं.
"ओढा दोरी."
ओढली.
"परत."
चौथ्यांदा ते खाकरलं, पाचव्यांदा पेटलं,
गल्लीभर निळा धूर,
समोरचा बेअरिंगवाला ओरडला, "अरे भिया, मारोगे क्या!"
ताहेरभाई ऐकत होते फक्त इंजिन,
एक कान पुढे करून, डोळे मिटून.

मग मार्करने कॅनच्या पोटावर लिहिलं:
१ लिटर – २५ मिली.
"भाजीत मीठ अंदाजाने टाका. यात नाही."

भांडण झालं ते चष्म्यावरून.
साडेचारशे रुपये, प्लास्टिकच्या तुकड्याला!
मी म्हटलं, माझा आहे वाचायचा.
त्यांनी पेन खाली ठेवलं. बिलबुक मिटलं.
वरच्या जाळीवर एक कबूतर घुमत होतं,
आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.
शेवटी मीच पैसे काढले, रागाने, सुट्टे.
त्यांनी ते मोजले
आणि बिलावर लिहिलं: वैजंती घोरपडे.
मी वैजयंता. दुरुस्त केलं नाही.

अश्विनात, उताराच्या शेवटच्या पट्ट्यात,
चिंचोक्याएवढा खडा पात्यावरून उडाला.
आवाज आला टक्.
एवढाच.
डाव्या काचेवर पांढरी चांदणी उमटली,
आणि चांदणीच्या मागे
मैदान, फाटक, पाण्याची टाकी,
सगळं जिथल्या तिथे दिसत होतं.

मी बराच वेळ गवतात बसून राहिले.
पोरं खिडकीतून हात हलवत होती.
मी पण हलवला.

दुसऱ्या दिवशी चष्मा नेऊन काउंटरवर ठेवला.
वाटलं, आता म्हणतील, बघा, सांगितलं होतं.
ताहेरभाईंनी चांदणीवरून अंगठा फिरवला, एकदा.
म्हणाले, "याचं काम झालं. नवा घ्या."
आणि पूर्ण साडेचारशे लावले,
रुपया सोडला नाही.

मुख्याध्यापक म्हणतात, मोबाइलवर हेच मशीन
दोन हजारांनी स्वस्त होतं.
होतं.
मी पाहिलं नंतर. फोटोत फार छान दिसतं.
खाली लिहिलंय, सर्व प्रकारच्या गवतासाठी.

आमच्याकडे सर्व प्रकारचं गवत नाही.
आमच्याकडे हे आहे, नाल्याचं,
आणि सियागंजात एका माणसाला ते माहीत आहे,
जो इथे कधी आलेला नाही.