बोट ठेवायला जागा

आमच्या कपाटात एक बोट आहे,
पोलादी, तीन पेरांचं, नख नसलेलं.
वर्षातून एकदा त्याची जाडी मोजून आणतो आम्ही.
ते कुणाचंच नाही,
म्हणून कुणाचंही असू शकतं.

ओउलूत जानेवारीत तीनलाच अंधारतं.
त्या अंधारातून व्हेइक्को हापासारी आला,
बुटांवरचा बर्फ न झटकता,
दुसऱ्या प्रयोगशाळेचा दाखला छातीशी धरून.
"टॅलिनला पास झालंय. हेच यंत्र, हेच कलम.
बोट ठेवायला जागा नाही."
"मग त्यांचं बोट जाड असेल," मी म्हणाले.
तो हसला नाही. मीही गंमत केली नव्हती.

तीन आठवडे आम्ही एका शब्दाचा कीस पाडतोय: प्रशिक्षित.
मनोऱ्याच्या पायथ्याची ही पेटी
प्रशिक्षित माणूसच उघडणार, असं त्याचं म्हणणं.
आणि मागची फट?
ती तर न उघडताच उघडी.

"अहो, अठ्ठेचाळीस व्होल्ट!
मुंगी याहून जास्त चावते."
खरंय. व्होल्ट गरीब आहेत.
पण त्यांच्या पाठीशी बॅटऱ्यांची रांग उभी आहे,
आणि एखादा पाना आडवा पडला
की ती हात आखडता घेत नाही,
तीनशे अँपिअर, लालबुंद, एका दमात.

वीज बंद होती. वायरी सोडवून ठेवलेल्या.
त्यानं स्वतःची करंगळी फटीला लावली:
"बघा, जात नाही."
गेली.
दुसऱ्या पेरापर्यंत गेली आणि अडकली.

मी साबण आणायला धावले.
किती तरी वेळ नुसता फेस.
शेजारच्या बोटातली अंगठी पत्र्यावर टकटकत होती.
कलम कुणी काढलं नाही, टॅलिनही नाही.
"धाकटीचं एकदा सायकलच्या चाकात..."
एवढंच म्हणाला, आणि वाक्य सोडून दिलं.

करंगळी सुटली, सालटं मागे ठेवून.

अहवालात मी लिहिलं:
मागची बाजू, डावीकडून तिसरी फट. बोट आत जातं.
कुणाचं, याला रकाना नाही.

उद्या पंखा अडवून पेटीवर मलमल पांघरायची आहे,
करपते का ते बघायला.
दाखला टेबलावरच राहिलाय त्याचा,
साबणाच्या वडीखाली, ओला.