रकाना

श्रीवर्धन शाखा. जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं.
हलीमाबी उकये आधीच येऊन बसल्यात,
पिशवीत सोडे, आमसुलं, पासपोर्ट.

रोख नोटा एवढ्याच, मी सांगतो, बाकी कार्डावर.
मर्यादेवर गेलं की कर आधी कापतात,
मागता येतो पुढल्या वर्षी.
"पुढल्या वर्षी," त्या म्हणतात,
जणू खाडीपल्याडचं गाव,
जिथली तर बंद झालीय.

उद्देश?
केपटाऊनला नवऱ्याच्या कबरीवर
नावाचा दगड बसवायचाय. एकोणीस वर्षं राहिलाय.
यादी खाली-वर करतो :
पर्यटन, उपचार, शिक्षण, भेट.

'भेट' निवडतो.
द्यायची की घ्यायची,
संगणक विचारत नाही.

सही करता करता त्या :
"आणि येताना तिथली मूठभर माती आणली तर?"

ते कस्टमवाल्यांचं खातं,
म्हणतो मी,
आणि शिक्का जरा हळू मारतो.