कोण आधी

वणवा विझून आठ दिवस झाले
तरी केंजळगडाचा उजवा खांदा काळाच आहे.
त्या काळ्यात एकच पांगारा,
लालभडक, अंगावर पान नाही,
कुणी रागानं घराबाहेर येऊन उभं राहावं तसा.
खाली धोमचं पाणी हटत चाललंय
आणि हटलेल्या गाळात
आप्पांनी काकडी टोकलीय.

ताई आलीय बाळंतपणाला.
गोठ्यात टिकली म्हैस, तिचेही दिवस भरलेत.
आईनं कॅलेंडरवर, डेअरीच्या हिशेबाशेजारी,
दोन गोल केलेत, एक निळा, एक लाल.
कुठला कुणाचा
हे आता तिलाही सांगता येत नाही.

गजराआत्या रोज दुपारी येते.
कुरडयांवरचे कावळे हाकता हाकता
एकदा ताईच्या चालीकडे बघते,
एकदा टिकलीच्या कासेकडे.
"म्हस आधी."
"पैज?" ताई म्हणते.
"पैज. हरलीस तर पोरीचं नाव गजरा."
"आणि पोरगा झाला तर?"
"तर काय, सुटला बिचारा."

जीप मी उतारालाच लावतो, तोंड वाईकडे.
स्टार्टर दगा देतो,
पण उतारावर सोडली की पकडते.
वडापच्या तीन फेऱ्यांची एक केलीय.
मागच्या सीटवर एक गोधडी
कायमची घडी करून ठेवलेली.
तिच्यावर कुणी बसत नाही.
गर्दी झाली तर लोक मागं लटकतात,
पण गोधडी सरकवत नाहीत.

दाजींचा फोन रात्री साडेनऊला.
रेंज फक्त चिंचेखालच्या धोंड्यावर.
ताई कमरेवर हात देऊन चढते,
मी बॅटरी घेऊन मागं,
ऐकू येत नाही असं दाखवत.
"जेवलीस का"पासून सुरू होतं,
"बरं, ठेवू?"वर संपतं,
मधे बराच वेळ दोघं नुसतेच असतात.
करवंदीच्या फुलांचा वास सुटलेला असतो.
तो पिंपरीला कसा सांगायचा?

परवा रात्री अडीचला आप्पांची हाक.
लाईट गेलेली.
टिकली बसत होती, उठत होती.
पाय दिसला. एकच.
डॉक्टर वाईहून यायचा म्हणजे उजाडणार.
आप्पांनी बाही दुमडली, गोडंतेल मागितलं.
मी शेपूट धरली, आईनं मोबाईलचा उजेड.
आणि नको नको म्हणत असताना
ताई येऊन गव्हाणीच्या कडेला टेकली,
टिकलीच्या शिंगांमधे खाजवत राहिली.
काय पुटपुटत होती, कळलं नाही.
एकदा मात्र स्पष्ट आलं:
"मलापण भ्या वाटतंय गं."

त्यावर आम्ही तिघंही काही बोललो नाही.
आईच्या हातातला उजेड जरा हलला.
आप्पांचा हात कोपरापर्यंत आत,
डोळे मिटलेले,
अंधारात खुंटी चाचपावी तसे.
मग म्हणाले, "घावला."

पहाटे रेडी झाली.
ओली, काळी, कपाळावर पांढरं काही नाही.
उभी राहिली, पडली,
उभी राहिली, पडली,
आणि दर वेळी ताई "अगं अगं"
म्हणत अर्धी उठत होती.
आप्पा हात धूत बराच वेळ
पन्हाळीखालीच उभे होते.

आज खरवस.
जुना गूळ, वेलदोडा जरा जास्तच पडलेला.
सात घरी वाट्या फिरल्या.
गजराआत्यानं वाटी रिकामी धाडू नये म्हणून
चार कैऱ्या घालून स्वतःच आणून दिली.
"जिंकले," एवढंच बोलली
आणि ताईच्या डोक्यावरून
बोटं कडाकडा मोडली.

ताईनं वडी तोंडात घातली,
अर्ध्यावर थांबली,
चौकट धरली.
आई चुलीपासून उठली.
"काही नाही," ताई म्हणाली, "लाथ मारली."
उरलेली वडीही खाल्ली.
वर दुसरी मागितली.

तरी मी बाहेर गेलो.
जीपच्या चाकापुढचा दगड
पायानं हलवून बघितला.
निघतो.