ढगांची वही

बोट भंगारात निघाली तेव्हा
माझ्या केबिनच्या गोल खिडकीची जाड काच
सुन्वानं मागून घेतली.
मला वाटलं, कुंडीखाली ठेवील.

एकोणतीस वर्षं त्या काचेतून मी पाणीच पाहिलं होतं,
हिरवं, काळं, भिंतीसारखं उभं राहून अंगावर येणारं.
पलीकडे आणखी काही असेल
असा संशयसुद्धा आला नाही.

दिवसा ती कारखान्यात मासे कापायची,
रात्री माझ्या होडीच्या खोपीत पिंपाभोवती फिरायची.
काचेवर काच, मध्ये ओली भुकटी,
पुढे-मागे, पुढे-मागे,
एक पाऊल बाजूला,
पुन्हा पुढे-मागे.
घाण्याचा बैलही सणाला सुटतो.
ही दोन हिवाळे सुटली नाही.

मग दिवा, दाढीचं पातं, भिंतीवरची सावली.
"कडेला केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढं जास्त आहे अजून."
मग मुलामा द्यायला ती काच डेन्मार्कला गेली पोस्टानं,
लोकरीच्या मोज्यात.
मी म्हणायचो, अगं, पण इथे आभाळ दिसतं कुठे?

आमच्या फेरो बेटांवर ढग म्हणजे घरजावई.
येतो, बसतो, उठायचं नाव घेत नाही.

तिनं वही घातली.
तारीख, वेळ, पुढे एक शब्द.
ढग.
ढग.
ढग, गारा.
ढग. नवा चष्मा.
ढग.
अख्ख्या नोव्हेंबरात एकदाच:
नैर्ऋत्येला जरा आशा. नंतर ढग.

तारे मला कामापुरते ठाऊक.
उत्तर कुठे, घर कुठे, एवढं सांगितलं की त्यांना सुट्टी.
कोणी पगार देत नसताना त्यांच्याकडे बघत बसणं
म्हणजे फाटकं जाळं ओढणं.

जानेवारीत एका रात्री दोनला दारावर थाप.
वाटलं, कोणी बुडालं.
अंधारात एका पायात बायकोचा बूट घालून धावलो.
कुंपणापाशी ती नळी. नळीच्या तळाशी माझी काच.
"श्वास धर. डोळ्यानं ढकलू नकोस."

होता.
कडं घातलेला, एवढासा,
भातुकलीतला.
मी नळीच्या तोंडात हात घालून चाचपलं,
कुणी काही चिकटवलंय का.
सुन्वा इतकी हसली की मेंढ्या उठून उभ्या राहिल्या.

एकवीस मिनिटं.
सगळी मीच खाल्ली.
"आता तू" म्हणेपर्यंत घरजावई परत.
वही मी नंतर चोरून वाचली:
दोन दहा ते दोन एकतीस स्वच्छ. शनी. दान्यालनं पाहिला.
स्वतःबद्दल अक्षर नाही.

काल पहाटे तिच्या खिडकीवर मी टकटक केली.
उत्तरेला ढगांत ताटलीएवढं भोक पडलं होतं.
ती स्वेटर उलटा घालून आली,
तोवर बुजलं.
उभे राहिलो तसेच. मेंढ्या रवंथ करत होत्या.
"काय होतं त्यात?"
"एक तारा," म्हटलं.
"नाव विचारायचं राहिलं."