तिसरा डोंगा

सीताबर्डीवरून आणलेलं खोकं
साकोलीपर्यंत एसटीत मांडीवर होतं,
पुढे काळीपिवळीत पायांशी,
वर कुणाची तरी कोंबडी.
पावतीवर: ब्लू-रे प्लेअर, एक नग.
डिस्क वेगळी. तिची किंमत मी घरात
अर्धीच सांगितली.

मी मोटारी रिवाइंड करणारा माणूस,
ॲम्प्लिफायर जुनाच ठेवला, मीच बांधलेला.
मागचे दोन स्पीकर धानाच्या ढोलीवर,
आणि बेसचा डबा खाटेखाली,
जिथे आधी बाबाचं जाळं असायचं.

जुनी सीडी आम्हाला पाठ होती.
एके ठिकाणी ती अडायची:
नायिका म्हणायची, थांब,
आणि स्वतःच थांबायची, चौकोन चौकोन होऊन.
उरलेलं वाक्य आई चुलीपासून बोलायची.

त्याच्या जरा आधी तलाव यायचा. आमचा.
एकोणतीस वर्षांमागे शूटिंगवाले आले होते,
तीन दिवस, डोंगेवाल्यांना माणशी वीस रुपये आणि जेवण.
पडद्यावर सगळं मिळून अकरा सेकंद.
नायक काठावर रडतो, मागे चार डोंगे,
तिसऱ्यात एक पांढरा ठिपका.
"तो मी," बाबा म्हणायचा,
दर वेळी, जणू आत्ताच ओळख पटली.
पाहुण्यांना जेवणावरून उठवायचा,
ठिपक्यावर नख ठेवायचा.
जुन्या टीव्हीच्या काचेला तिथे
डाग पडला होता.
तो गेल्यावर आम्ही त्या डागापाशी पॉज करायचो.

लाईट साडेनवाला आली.
पहिल्यांदा पाणी दिसलं.
म्हणजे पाणी रोजच दिसतं दारातून,
पण हे! शिंगाड्याची पानं मोजून घ्यावीत.
नायकाच्या मानेवर पावडर संपते ती रेघ,
कॉलरमागे टाचणी.
डाव्या मागच्या स्पीकरातून सारस ओरडला
आणि अंगणातला कुत्रा
खऱ्या तलावाकडे तोंड करून भुंकत राहिला.

मग तिसरा डोंगा.
ठिपक्याला नाक आलं. कान आले.
उजव्या कानामागे बिडी.
झिबल होता तो. शेजारचा झिबल नान्हे,
ज्यानं जन्मात हा पिच्चर पाहिला नाही,
आणि बाबा सांगायला लागला की
मान हलवायचा, "हो ना, तूच तं होतास."

मी पहिला डोंगा पाहिला, दुसरा, चौथा,
मग काठ, मग काठावरची झुडपं,
एकेक फ्रेम, रिमोट घामानं ओला होईपर्यंत.
एवढं स्वच्छ चित्र
आणि त्यात बाप कुठे नव्हता.

आई लाखोरीची डाळ निवडत होती.
वर न बघता म्हणाली,
"तीनही दिवस ताप होता त्याले.
गोधडीतून इचारे, आज काय काय झालं.
झिबल येऊन सांगे."
"तुले ठाऊक होतं?"
"मंग?"
"मंग बोलली काहून नाही?"
तिनं एक खडा बाजूला टाकला.
"दिसत तं कोणाले होतं."

दुसऱ्या दिवशी झिबलची देवका आली,
अर्जुनीहून, लेकराला कडेवर घेऊन.
पडद्यापासून वीतभर अंतरावर उभी राहिली.
मी आवाज बंद केला.
ती म्हणाली, तो कान बहिरा होता त्याचा,
म्हणून बिडी तिकडे.
पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा लाव.
सातव्यांदा लाईट गेली,
तरी ती तिथेच उभी,
काळ्या काचेत आपलं तोंड बघत.

जुना प्लेअर मी काढला नाही.
पिवळी, पांढरी, लाल वायर
दुसऱ्या इनपुटला तशीच आहे.
कधी रात्री बटण बदलतो,
तलाव धूसर होतो,
आणि बाबा, ताप उतरलेला,
डोंग्यात येऊन बसतो.
जरा पुढे नायिका थांबते.
आई झोपलेली असते.
वाक्य मी बोलतो, हळू,
एक शब्द नेहमी चुकतो.