दोन्हीकडे काज

गंगेच्या वाळवंटात तंबू लागायचा
तेव्हा पडद्यावर आधी बादल्यांनी पाणी मारत.
कापड ओलं असलं की चित्र आरपार दिसतं.
पुढे पुरुष, चार आणे.
मागे आम्ही बायका, एक आणा,
आणि आम्हाला सगळं उलटं:
घोडे भलतीकडे, माणसं डावखुरी,
अक्षरंही उलटी. त्याचं मला काय,
सुलटी असती तरी इंग्रजीच होती.

वडील दहीपुलाशी शिवायला बसत.
देवळाली कँपातले कोट आमच्याकडे यायचे.
त्यांनी मला पहिला धडा दिला तो हा:
काज डावीकडे, तर साहेब.
काज उजवीकडे, तर मड्डम.
बाकी कापडाला काही कळत नाही.

तर त्या रात्री ती आली.
पुरुषाचा काळा कोट, एक हात खिशात,
आणि जिना अशी उतरली
की वाटलं जिनाच तिला सोडायला खाली आला.
बायका पदरात हसल्या.
कुणी म्हणालं, अगं, हा बुवा की बाई?
मी बटणं बघत होते.
मला काज उजवीकडे दिसत होतं.
मग डोक्यात हिशेब उलटा केला
आणि अंगावर काटा आला.
तिने घातला होता पुरुषाचाच,
पण आमच्या बाजूने, फक्त आमच्या बाजूने,
तो बाईसाठी शिवलेला होता.

पडद्याच्या पुढे, खाली, पायपेटी वाजायची.
शरणपूरची एस्तेर. रविवारी चर्चमध्येही तीच.
तंबूत रात्रीचे आठ आणे ठरलेले,
हातात सहाच.
मारामारीला जलद, मरणाला संथ,
पण कोटवालीने त्या दुसरीची हनुवटी उचलली
तेव्हा पेटी थांबली.
भाता पायाखाली श्वास धरून राहिला.
ओल्या कापडाच्या अलीकडे मी, पलीकडे एस्तेर,
मधे त्या दोघी, चांदीच्या,
आणि पाणी अजून ठिबकत होतं.

पुढून शिट्ट्या. एक वहाण पडद्यावर आदळली.
याच वाळवंटात मिशी उतरवून
भिकोबा कासार सीता व्हायचा,
तेव्हा हेच लोक हात जोडून बसत
आणि बायका त्याची ओटी भरत.

तिसऱ्या दिवशी एस्तेर दुकानात आली.
"कोट शिवायचाय. भावासाठी."
भाऊ नव्हता तिला.
वडील बाहेर होते. माप मी घेतलं.
खांदा साडेचौदा. बाही बावीस.
पुढे टेप दोनदा हातातून सुटली.
"काज कुठल्या बाजूला?"
ती म्हणाली, "तू कुठून बघणार, त्यावर आहे."

मी दोन्हीकडे घेतली.
वडिलांनी कोट उलटासुलटा करून पाहिला,
म्हणाले, रेशीम वाया घालवलंस.
त्यापुढे काही नाही. तेही त्या काळात पुष्कळ होतं.

मग चित्रं बोलायला लागली.
पायपेटी विकली गेली, तंबू मालेगावकडे गेला.
कोटवालीचं नाव मला कधीच कळलं नाही.
ऐकलं, पुढच्या सिनेमात तिला शेवटी
झगा घालून कुणाशी तरी लावून दिली.
मी बघायला गेले नाही.

एस्तेरचं आणि माझं भांडण एकच,
चाळीस वर्षांचं: त्या रात्री आधी कोण वाकली?
ती म्हणते, डावीकडची.
मी म्हणते, उजवीकडची.
एकीचीच बाजू घेऊन भांडतोय
हे लक्षात यायला आम्हाला
एक अख्खा हिवाळा लागला.

कोट खुंटीला आहे, कोपरावर ठिगळ.
थंडीत जी आधी उठेल ती घालते,
दूध आणायला.
आज ती उठली. बटणं उजवीकडून लावलीत
आणि एक चुकवलंय.