मण्यावरची लव

मंगळवार आणि शनिवार.
बाटलीला चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलंय मी,
खाली ठळक: बाकीचे वार हात लावू नये.
हे कुणा दुसऱ्यासाठी नाही, माझ्यासाठीच आहे.

ॲसिड म्हटलं की आईला मोरीतली बाटली आठवते.
"फरशीचं तोंडाला लावतेस?"
सात टक्केच आहे गं, उसापासून निघतं.
"दारूही उसापासूनच निघते," ती म्हणाली
आणि भाकरी उलटली.

प्राजूच्या हळदीला चार दिवस होते.
गालावरचे डाग सहा हंगामांचे,
मखमलाबाद नाक्यावरून मोहाडीच्या पॅकहाउसपर्यंत
ॲक्टिवावर साचलेले.
सहा वर्षांचं ऊन मला चार रात्रींत काढायचं होतं.
सलग चारही रात्री लावलं,
त्यावर ती रेटिनॉलची दुसरी ट्यूब,
आणि सकाळी उशीर झाला म्हणून
उन्हाचं क्रीम तसंच राहिलं.

हळदीच्या दिवशी मावशीने बोटभर हळद गालाला लावली
आणि मी मांडवात किंचाळले.
व्हिडिओत आहे ते. नवरी हसतेय.

सोमवारी मास्क लावून कामावर.
नव्या पोरींना रोज सांगते तेच सांगत होते:
देठाला धरा, मण्याला बोट लावू नका,
ती पांढरट लव पुसली की घड उघडा पडतो,
परत नाही येत, घासून तर नाहीच.
बोलता बोलता थांबले.
मास्कखाली गाल तडतडत होता.
गांगुर्डेबाईंनी मास्क खाली ओढून पाहिलं,
हातात कात्री तशीच.
"आणि तुला गं? तुला धरायला देठ कुठंय?"

पंचवटी कारंज्यावरच्या मेडिकलमध्ये गेले
तर कडलगांनी मला काही विकलंच नाही.
साधं पाणी, घरात असेल ते साधं मलम,
पंधरा दिवसांत नाही निवलं तर डॉक्टर.
गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार
मी पहिल्यांदा पाहिला.

महिना गेला.
आता नवी बाटली आली तर आधी कानामागे एक थेंब,
आणि दोन दिवस विसरून जायचं.
चेहरा कोरडा, अगदी कोरडा.
डोळ्यांच्या कडा, नाकाचे कोपरे सोडून.
मुंग्या आल्या तर येऊ देत,
आग झाली की तडक नळाखाली.
त्या रात्री दुसरी ट्यूब कपाटातून बाहेर येत नाही.
आणि सकाळी, उशीर झाला तरी,
दोन बोटं भरून उन्हाचं क्रीम, वर स्कार्फ.

डाग आहेत. थोडे फिके, बहुतेक.
की आरशातला बल्ब बदलला म्हणून?

काल रात्री आई मागे येऊन उभी राहिली.
"मला चालेल का गं ते, फरशीचं?"
कानामागे लावून बघू आधी, मी म्हटलं.
तिने अंबाडा वर उचलून धरला.
तिथली कातडी मी कधी पाहिली नव्हती.
शेतावरचं, रस्त्यावरचं, कुठलंच ऊन
तिथवर पोचलं नव्हतं.
मी बाटली ठेवून दिली. आज बुधवार आहे, म्हटलं.
ती तशीच उभी,
केस वर धरून.